खुशखबर देणारी डबी

कुलदीपच्या ट्रकच्या सायलेन्सरमागे वाकून मी तीन वेळा खोल वास घेतला, सरळ उभा राहिलो, रुमालाने डोळे पुसले आणि म्हणालो, "काही नाही." कुलदीप म्हणाला, "मले तं मुतारीसारखा वास येऊन राह्यला सर." मी त्याच्याकडे पाहिलं. वर्गात पाहतो तसंच पाहिलं असणार, कारण अडतीस वर्षांच्या त्या माणसाने लगेच नजर खाली घातली आणि तो म्हणाला, "तुमी म्हनता तं नसन." नौशाद मिस्त्री बाजूला उभा राहून खोकत होता. पण नौशाद सुपारी-तंबाखूचा खर्रा खातो आणि वर्षभर खोकतो, त्यामुळे त्याचा खोकला पुरावा म्हणून धरता येत नव्हता. मला स्वतःला काय वाटलं, हे मला नक्की सांगता येत नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मी गरम हवेच्या नावावर टाकलं. वास म्हणाल, तर मला गेल्या चार वर्षांत कशाचाच वास आलेला नाही. ही गोष्ट खामगावात फक्त एका माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस मी होतो.

वास घ्यायला मला मुद्दाम बोलावलं होतं. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतो. माझ्या हाताखालून गेलेली दोन पिढ्यांची मुलं अजून सांगतात की सर दारातून आत यायचे आणि कोणत्या टेबलावर कोणता गॅस सुटलाय ते बाटल्या न बघता सांगायचे. हे खरं आहे. त्या काळी माझं नाक ही तालुक्यातली एक सोय होती. तुपात भेसळ, विहिरीच्या पाण्याला वास, गोदामात सरकीच्या ढेपेला लागलेली बुरशी, काहीही असलं की लोक डबा घेऊन घरी यायचे. मग कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी आठ दिवस आजारी पडलो, बरा झालो, आणि एका सकाळी चहाचा कप तोंडाशी नेला तर कपात नुसतं गरम काहीतरी होतं. डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांत येईल. तीन महिन्यांनी रोहिणखेडला एका लग्नाच्या पंगतीत जिलेबीला जळक्या टायरचा वास आला. मला इतका आनंद झाला की मी चार जिलेब्या खाल्ल्या. त्यानंतर तोही गेला. आपल्याला वास येत नाही हे सांगायला योग्य वेळ कोणती असते? पहिल्या आठवड्यात सांगितलं तर लोक हळहळतात. चार वर्षांनी सांगितलं तर लोक हिशोब लावतात, की मग मधल्या काळात हा माणूस काय हुंगत होता.

मधल्या काळात मी आठवणीतून हुंगत होतो. कांदा दिसला की कांद्याचा वास आठवायचा आणि चेहरा त्याप्रमाणे करायचा. कॉलेजात प्रात्यक्षिकाला मी मुलांना म्हणायला लागलो, "मी नाही सांगणार, तू वास घे, तू सांग." तपासणीला आलेल्या साहेबांनी ते पाहिलं आणि वहीत 'विद्यार्थिकेंद्रित अध्यापन' असा शेरा लिहिला. त्या वर्षी प्राचार्यांनी माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. नारळ मी घरी नेला. तो नासका निघाला, असं छाया म्हणाली. ती माझी बायको. मला नासलेला आणि चांगला यांत फरक कळला नव्हता, पण मी म्हणालो, "मला पिशवीतच शंका आली होती." छाया उठून पाणी प्यायला गेली. अशी वेळ आली की ती नेहमी तेच करते. सकाळी माझा चहा मी करतो. तो घेऊन मी ओट्यापासून बाहेर आलो की ती अंथरुणातून उठून स्वयंपाकघरात जाते, पाणी पिते आणि परत येऊन झोपते. पन्नाशीनंतर बायकांना तहान लागत असावी, असं मी धरून चाललो होतो.

तर कुलदीपचा ट्रक. आता प्रकरण काय आहे ते सांगितलं पाहिजे, नाहीतर मी तिथे का वाकलो हे कळणार नाही. हल्लीच्या ट्रकमध्ये धुराच्या वाटेवर सायलेन्सरच्या डब्यात एक चिनीमातीची जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी. तिच्या अलीकडे एका नोझलमधून युरियाचं पाणी फवारलं जातं. त्या पाण्याचा गरम धुरात अमोनिया होतो, अमोनिया जाळीवर जाऊन धुरातलं विष मोडतो, आणि शेपटाशी बसवलेला सेन्सर गाडीतल्या कॉम्प्युटरला कळवतो की सगळं ठीक आहे. ठीक नसलं तर तेही कळवतो. मग समोर पिवळा दिवा लागतो आणि तरीही मालकाने लक्ष दिलं नाही, तर कॉम्प्युटर गाडीचा जोर काढून घेतो. कुलदीपची गाडी मंगळवारपासून वीसच्या वर जात नव्हती. मागे कापसाच्या जिनिंगमधून भरलेल्या रुईच्या गाठी होत्या, त्या शनिवारी पोचायच्या होत्या, आणि आज शुक्रवार होता. गाडी त्याची एकच. वडिलोपार्जित जमिनीतला वाटा भावाला देऊन ती घेतलेली.

ती वीसवर आली ती माझ्यामुळे. हे कुलदीपच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर त्याला ते खरं वाटत नव्हतं. दिवाळीच्या आसपास बसस्टँडसमोर चहा पिताना त्याने विचारलं होतं, "सर, हे गाडीचं युरिया म्हंजे काय असते? बादलीभर पान्याले काय भाव लावतेत हे." मी माझ्या सव्वीस वर्षांच्या आवाजात सांगितलं होतं, "काही नसतं रे. युरिया आणि पाणी. साडेबत्तीस टक्के. बाकी सगळी जाहिरात." त्याने चहाच्या बिलामागे साडेबत्तीस लिहून घेतलं. बारावीत त्याने माझं एवढं काही लिहून घेतलं नव्हतं. मग तो संग्रामपूरकडे आपल्या गावी गेला, कपाशीला आणलेल्या युरियाचं पोतं फोडलं, काटेकोर वजन केलं, बोअरच्या पाण्यात विरघळवलं, आईच्या जुन्या पातळातून गाळलं आणि टाकीत भरलं. टक्केवारी बिनचूक होती. फक्त शेतीच्या युरियाला निंबोळीचं तेल चोपडलेलं असतं हे मी सांगायला विसरलो होतो, आणि त्यांचं गाव खारपाणपट्ट्यात आहे, तिथल्या पाण्याने डाळ शिजत नाही, हेही मी विसरलो होतो. मला ते माहीत नव्हतं असं नाही. निंबोळीच्या तेलाचा वास पोत्याच्या तोंडाशीच येतो. पूर्वीचा मी असतो तर युरिया म्हणताच मला तो वास आठवला असता आणि मी म्हणालो असतो, थांब. आठवणीतले वासही हळूहळू जातात, हे मला त्या चहाच्या वेळी कळायला हवं होतं.

नौशादकडे उपाय तयार होता. तो जाहिरात करत नाही, पण नांदुरा रोडच्या त्याच्या गॅरेजमध्ये सायलेन्सरच्या डब्यांचा एक ढीग आहे, पोटं फाडलेल्या डब्यांचा. "डब्बा कापतो, जाली कुटून काढतो, परत वेल्डिंग मारतो," तो म्हणाला. "सेन्सरच्या जागी हे लावतो." त्याने खिशातून काडेपेटीएवढी काळी डबी काढून दाखवली, तिच्यातून चार वायरी निघाल्या होत्या. "हे काय सांगते कॉम्प्युटरले?" मी विचारलं. "खुशखबर," नौशाद म्हणाला. "सर, गाडी जलून खाक जरी झाली, तरी हे सांगन का सब खैरियत हाये. लय इमानदार चीज हाये, आपल्या बोलीपासून हालत नाई." मी ती डबी हातात घेतली. वजन जवळजवळ नव्हतंच. मला ती परत द्यावीशी वाटेना. 

बेकायदा आहे, मी म्हणालो. "हाव," नौशाद म्हणाला. तो 'नाही' म्हणाला नाही, त्यामुळे माझा मुद्दा तिथेच संपला. मग मी दुसरा काढला. जाळी अजून जिवंत असेल तर? खाऱ्या पाण्याने कदाचित नुसतं नोझल चोंदलं असेल. तसं असेल तर नोझल काढून, गरम डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, टाकी धुऊन चार दिवसांत गाडी सुधारेल. ओळखायचं कसं, कुलदीपने विचारलं. सोपं आहे, मी म्हणालो, आणि फळ्याकडे वळल्यासारखा ट्रकच्या शेपटाकडे वळलो. नोझल बंद असेल तर अमोनिया तयारच होणार नाही, धुराला त्याचा वास येणार नाही. नोझल चालू आणि जाळी मेलेली असेल, तर अमोनिया तसाच बाहेर पडेल. वास आला तर जाळी मेली, नाही आला तर जिवंत. सुंदर परीक्षा होती. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ती मलाच द्यायची आहे. दोघंही माझ्या नाकाकडे बघत होते. नौशादने इंजिन तापवलं, आणि मी वाकलो.

"तं मंग सर म्हन्ते जाली जिंदा हाये," नौशादने हात पुसले. "जुम्म्याची नमाज करून येतो. मंग नोझल खोलू." कुलदीपने मान हलवली. चार दिवस म्हणजे गाठी दुसऱ्याच्या गाडीत जाणार आणि जिनिंगवाला पुढच्या वेळी फोन उचलणार नाही, हे त्याच्या मान हलवण्यात होतं. पण सर म्हणाले होते. मी घराकडे चालत निघालो. दहा मिनिटांची वाट आहे, ती मला बरीच लांब वाटली. मी जे बोललो ते खोटं होतं का? मला वास आला नव्हता आणि मी "काही नाही" म्हणालो होतो, म्हणजे अक्षरशः ते खरं होतं. शिवाय परिणाम बघा. माझ्या खोट्यामुळे जाळी वाचत होती, कायदा पाळला जात होता, नांदुरा रोडवरच्या लोकांच्या फुप्फुसांचं भलं होत होतं. खरं बोललो असतो तर नौशादने कटर काढला असता. खोट्या नाकाने गाडी खरी राहत होती आणि खऱ्या नाकाने गाडीला खोटी डबी लागत होती. यात मी कुठे उभा आहे हे शोधायचा प्रयत्न केला, तर प्रत्येक वेळी वेगळ्या बाजूला सापडलो. आणि जाळी मेलेलीच असेल तर? मग हा पोरगा चार दिवस मेलेल्या जाळीपुढचं नोझल धूत बसणार, आणि पाचव्या दिवशीही म्हणणार, सर म्हणाले होते. पोरगा म्हटलं तरी त्याची मुलगी आठवीत आहे.

त्याचं बारावीचं प्रात्यक्षिक मला आठवलं. वीस वर्षं झाली असतील. त्याच्या परीक्षानळीत अमोनियाचा क्षार होता, बाकी मुलं नाक धरून उभी होती, आणि हा सर्दीने डबडबलेला नळीत नाक घालून म्हणाला होता, "कशाचाच नाई येत सर." वर्ग हसला होता. मीही हसलो होतो. मी म्हणालो होतो, "कुलदीप, तुझं नाक फक्त चष्मा ठेवायला आहे, आणि चष्माही नाही." या विनोदावर मी पुढे बरीच वर्षं जगलो, दर बॅचला एकदा सांगायचो. त्याने उत्तरपत्रिकेत शेजाऱ्याचं बघून काहीतरी लिहिलं, तेही चूक. मी शेजाऱ्याला दुसरा क्षार दिला होता.

घरी छाया कांदा चिरत होती. मला ते दिसल्याबरोबर मी दारातूनच म्हणालो, "वा, झुणका का?" ती म्हणाली, "कांदा दिसला वाटतं." मी पाटावर बसलो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि थोड्या वेळाने माझ्याही यायला लागलं. मी डोळे पुसले आणि हात तिथेच थांबला. डोळ्यांना कळत होतं. वास गेला होता, पण जे झोंबायचं ते झोंबत होतं, आणि हे मी दर वर्षी शिकवतो, की अमोनिया नाकाला कळण्याआधी डोळ्यांना कळतो. ट्रकच्या मागे माझ्या डोळ्यांनी मला सरळ सांगितलं होतं. मी त्यांना रुमालाने पुसून टाकलं होतं.

"छाया," मी म्हणालो, "मला वास येत नाही."

"हो," ती म्हणाली. विळी थांबली नाही.

"म्हणजे आज नाही. कधीपासून—"

"आजारातून उठला तेव्हापासून." तिने चिरलेला कांदा परातीत लोटला. "दोन वर्षं झाली, फोडणीत हिंग टाकत नाही मी. तुमी रोज म्हणता, आज हिंगाचा वास काय सुटलाय."

मी त्या कांद्याकडे बघितलं. मग विचारलं, "मग तू बोलली का नाही?"

"तुमी बोलाल म्हटलं." ती उठली, गॅसपाशी गेली आणि हात नुसता बटणांवरून फिरवून परत आली, जसा कोणी देवापुढून जाताना फिरवतो. पाण्याच्या माठाला ती शिवलीसुद्धा नाही. तेव्हा मला तिची ती सकाळची तहान कळली. चार वर्षं रोज, माझ्या चहानंतर, गॅस सुटला तर मला कळणार नाही म्हणून. 

मग मी तिला ट्रकचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाकच कशाला पाहिजे त्याले? हळदीच्या डागाले साबण लागला की लाल होते, तसं याच्यानं नाई होत का?" होतं. अमोनियाने हळद लाल होते, हे मी अकरावीला शिकवतो. लिटमसही चालला असता. लिटमस कॉलेजात होता आणि कॉलेजातून मी आज प्रकृती अस्वास्थ्याची रजा घेतली होती. छायाने माझाच रुमाल घेतला, हळदीच्या पाण्यात बुडवला, पिळला आणि दुधाच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "आणि त्या पोराले सांगा," ती म्हणाली. काय सांगा, हे तिने सांगितलं नाही.

परत गेलो तेव्हा नौशाद टोपी घडी करून खिशात ठेवत होता आणि कुलदीप ट्रकच्या पायरीवर बसला होता. मी म्हणालो, "कुलदीप, मला वास येत नाही. चार वर्षं झाली. सकाळी मी उगीच बोललो." तो हसला. "सर गंमत करून राह्यले," तो नौशादला म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा तसंच हसून बघितलं, फक्त हसू आता कुठे ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. मला तो पिवळा दिवा आठवला. इथे मी स्वतः दिवा होऊन लागलो होतो आणि मालक म्हणत होता, बल्ब खराब असेल. "कायले असं बोलता सर," तो म्हणाला, "तुमच्या नाकाची तं मी पोरीले गोष्ट सांगतो." मग मी बोलणं सोडलं, नौशादला इंजिन चालू करायला सांगितलं, आणि पिशवीतून तो पिवळा ओला रुमाल काढून कुलदीपच्या हातात दिला. "तू धर. रंग बदलला तर जाळी मेली."

त्याने तो सायलेन्सरमागे दोन्ही हातांनी धरला, ओवाळणीचं ताट धरतात तसा. काही वेळ काही झालं नाही. मग मधोमध एक विटकरी डाग उठला आणि पसरत कडेपर्यंत गेला. कुंकवासारखा लाल नव्हता, विटकरीच होता, पण पिवळा मुळीच राहिला नाही. माझे डोळे भरून आले. या वेळी मी ते पुसले नाहीत.

"लाल झाला," कुलदीप म्हणाला. मग हळूच म्हणाला, "म्हंजे मले जो वास आला तो बरोबर होता?"

"बरोबर होता."

"तुमचं चूक होतं?"

"माझं चूक होतं. आणि ते साडेबत्तीस टक्केही मीच सांगितलं होतं. गाडी माझ्यामुळे बसली."

ते दुसरं वाक्य त्याने ऐकलंच नाही. तो रुमालाकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही पसरत होतं, की त्याच्या एकुलत्या एक गाडीची जाळी मेली आहे हे त्याला कोणी सांगितलंच नसावं. "केमिस्ट्रीत माह्यं उत्तर पयल्यांदाच बरोबर आलं सर," तो म्हणाला.

नौशादने कटरची वायर सोडवायला घेतली. "तं आता किस्सा खतम. कापू ना? पाच वाजेलोक गाडी हायवेवर." त्याने डबी काढून बोनेटवर ठेवली. कुलदीपने सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी सायलेन्सरकडे पाहिलं. मला खरोखर माहीत नव्हतं. नाही म्हणायचा अधिकार मी दिवाळीत चहा पितानाच घालवला होता आणि हो म्हणायला जीभ वळत नव्हती. कुलदीपने डबी उचलली, उलटीसुलटी करून पाहिली. "हे लावलं का कॉम्प्युटरले काय दिसन, नौशादभाई?"

"सांगतलं ना. सब ठीक."

"म्हंजे माह्यं उत्तर पुन्हा चूक."

"बे, तू परीक्षा देऊन राह्यला का गाडी चालवून राह्यला?" नौशाद म्हणाला.

 कुलदीपने डबी नौशादच्या खिशात घातली, वर थोपटल्यासारखं केलं, आणि जिनिंगवाल्याला फोन लावून सांगितलं की गाठी दुसऱ्या गाडीत उतरवून घ्या. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. कुलदीप "हाव", "हाव" म्हणत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू जमिनीवर येत गेला, आणि फोन ठेवला तेव्हा तो पुन्हा एका बंद पडत चाललेल्या गाडीचा मालक झाला होता. तरी त्याने विचार बदलला नाही. नौशादने दोघांकडे पाहिलं, कटरची वायर गुंडाळली आणि म्हणाला की शिकलेल्या लोकांचं गॅरेजात काम नाही.

चारच्या सुमारास गाठी उतरल्यावर आम्ही अकोल्याला निघालो, कंपनीच्या वर्कशॉपकडे. मी का चढलो ते कोणी विचारलं नाही. छायाला फोन केला तर ती म्हणाली, "या सावकाश," आणि त्या गाडीत दुसरं काही शक्यही नव्हतं. वीसच्या वेगाने रस्ता फार मोठा होतो. सायकली आमच्या बरोबरीने चालल्या होत्या, एक ट्रॅक्टर मागून आला, हॉर्न वाजवून पुढे गेला, त्याच्या ट्रॉलीत बसलेल्या बायका आमच्याकडे वळून वळून बघत होत्या. समोर पिवळा दिवा जळत होता आणि तो बघताना मला प्रथमच बरं वाटत होतं.  जाळीचं पुढे काय होईल, ती कशी बदलणार, जिनिंगवाला पुन्हा बोलावेल का, मला काहीच कळत नव्हतं, आणि बहुधा कुलदीपलाही नव्हतं.

दर दोन-चार किलोमीटरवर तो खिडकीतून डोकं बाहेर काढायचा, मागे वळून हुंगायचा आणि आत येऊन मला सांगायचा, "येऊन राह्यला सर." मी म्हणायचो, "लिहून घे." त्याच्याकडे कागद नव्हता. तो मान हलवायचा आणि पुन्हा डोकं बाहेर काढायचा.